डोळा धरणारा कॅमेरा

नवा कॅमेरा हातात दिला की रहिमतपूरचे आप्पा तो डोळ्याला लावायचे आणि माझ्या दुकानाच्या दारातून रस्त्यापलीकडच्या गुलमोहराकडे बघत बसायचे. बटण दाबायचे नाहीत. चहा निवून जायचा, गिऱ्हाईक येऊन जायचं, आप्पा आपले त्या गुलमोहरातच. मग कॅमेरा अलगद काउंटरवर ठेवून म्हणायचे, "लय ग्वाड दिसतंय रं. ठीव आता."

सांगलीत विश्रामबागेत माझं कॅमेऱ्यांचं दुकान आहे. आप्पांचा रहिमतपुरात फोटो स्टुडिओ होता. नवं मॉडेल आलं असा फोन केला की पॅसेंजर धरून हजर. विकत घेतील तर शपथ! एका कंपनीने चोवीस मेगापिक्सेल आणले की दुसरी पंचेचाळीस आणायची. तिसरी दिवाळीच्या तोंडावर किंमत उतरवून वर बॅग फुकट द्यायची. कालचा माल आज शिळा होई आणि माझा जीव मेटाकुटीला येई. आप्पा मात्र कुस्तीच्या फडाला आल्यासारखे खूश. "भिडू देत की पैलवान," म्हणायचे, "आपुन कडंला बसून बघायचं. दमलं की भाव उतरतोय."

तिकडच्या गावांत पोरगा लष्कराचं ट्रेनिंग संपवून पहिल्या सुट्टीला आला, की वर्दीतला फोटो आप्पांकडेच काढायचा आणि घरी सोप्यात, दर्शनी भिंतीवर लावायचा, ही रीतच. पोरगं छाती फुगवून बसलं की आप्पा म्हणत, "साहेबाकडं बघतोयस व्हय रं? आईकडं बघ." चेहरा लगेच निवळायचा. अजूनही कुठल्या सोप्यात तसा फोटो दिसला की मी ओळखतो, हा आप्पांचा.

मग आप्पांना काचबिंदू झाला. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही. स्टुडिओ बंद झाला. मी फोन केला तर म्हणाले, "समदं धुक्यातलं दिसतंय गड्या. तसं वंगाळ न्हाई." मला फार वाईट वाटलं.

आप्पा वारले त्याच्या थोडं आधी, एका सकाळी नातीचा हात धरून दुकानात आले. ही स्वाती, त्यांच्या घराण्यातली लष्करात गेलेली पहिली मुलगी. अंगावर कडक इस्त्रीची वर्दी. संध्याकाळच्या गाडीने ती ड्युटीवर निघणार होती. "हिचा फोटू दुसऱ्यानं काढायचा, ह्ये मला सोसायचं न्हाई," आप्पा म्हणाले. "डोळा आपसूक धरणारा कॅमेरा दे."

माणसाचा डोळा शोधून त्यावर फोकस धरायची सोय पूर्वी महागड्या कॅमेऱ्यांतच होती; कंपन्यांच्या चढाओढीत ती स्वस्तातल्यांतही आली होती. तरी मी दुकानातला सगळ्यात भारी कॅमेरा काढला. तो हातात देताना सांगितलं, "डोळा धरला की टिक्क वाजतं."

स्वातीला दारात स्टुलावर बसवलं. कुठल्या गालाला ऊन लागतंय ते आप्पांनी हाताने चाचपलं, तिची हनुवटी जराशी वळवली आणि पायरीखाली जाऊन उभे राहिले. बराच वेळ टिक्क वाजेना. स्वातीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती डोळे सारखे मिटून घेत होती.

"बाळ, माझ्याकडं बघ," आप्पा म्हणाले. तिने डोळे उघडले. टिक्क. आप्पांनी बटण दाबलं.

फोटो मी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावला.

"कसा आलाय?"

"झकास, आप्पा."

"वरवर बोलू नगंस. मोठा कर, अन् दिसंल ते सांग."

मी मोठा करत गेलो आणि सांगत गेलो. टोपीची शिवण. गालावरचा तीळ. एकेक पापणी. आणखी मोठा केला तेव्हा पडदाभर नुसतं बुबुळ झालं. त्यात उजळलेला रस्ता होता आणि डोळ्याला कॅमेरा लावून उभा असलेला एक बारकासा माणूस.

"आप्पा, हिच्या डोळ्यात तुम्ही दिसताय."

पडदा एकीकडे आणि आप्पांचं तोंड भलतीकडे. त्यांनी हळूच विचारलं, "लय वाकलोय का रं?"

स्वाती पडद्याजवळ गेली, तिने नीट निरखून पाहिलं.

"आवं न्हाई आप्पा," ती म्हणाली, "सावधानमधी उबं हायसा."