डॉक्टरणीचे लग्न

त्या काळी मी अमरावतीस अध्यापिका विद्यालयाच्या वसतिगृहात राहत होते आणि माझी मावसबहीण अकोल्यास जठारपेठेत. आम्ही दोघींनी मिळून एक गाव रचले होते. त्याचा नकाशा दोन्ही ठिकाणी सारखाच असे. खेळणाऱ्या प्रत्येक मुलीचा त्या गावात एक अवतार असून त्याचे एक पत्ते-खेळातल्यासारखे कार्ड असे. मी मुख्याध्यापिका होते, माझी खोलीसोबतीण शेंदूरजनाघाटचा संत्र्यांचा व्यापारी होती आणि मावसबहीण डॉक्टर. मॅट्रिकनंतर घरच्यांनी तिचे शिक्षण थांबवले होते, त्यामुळे डॉक्टर होणे तिला केवळ या नकाशावरच शक्य होते.

नियम एकच होता, आणि तो मी केलेला होता: कार्ड ज्या शहरी, अवतार त्या शहरी. पाकिटातून कार्ड रवाना झाले की अवतार प्रवासात आहे असे समजावे. म्हणजे एक माणूस दोन ठिकाणी कधीच असू शकत नाही.

एकदा डॉक्टरीण साथ आटोक्यात आणण्यासाठी आमच्याकडे आली. काम संपल्यावर मी तिला टपालाने परत पाठवले. पण बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाची स्थळप्रत, म्हणजे आपल्यापाशी एक नक्कल, ठेवावी, असे आम्हांस नुकतेच शिकवले होते. मी सुवाच्य अक्षरात कार्डाची प्रत केली आणि चुरगळू नये म्हणून कार्डांच्याच डबीत ठेवली.

महिन्याने खोलीसोबतिणीने डबी उघडली. "अवो, डॉक्टरीण तं अठीच हाये! माह्या व्यापाऱ्याले पसंत हाये ते!" झाले! साऱ्या खोलीला लग्नाचे वेड लागले. प्रत मीच केलेली, पण त्या आनंदात मलाही तिचा विसर पडला. मंगलाष्टके मीच रचली आणि वार्ता मीच अकोल्यास कळवली.

पुढच्या रविवारी सकाळच्या एस.टी.ने बहीण दारात हजर. हातात मूळ कार्ड.

"काहून वं? मी तठी पेशंटचं पोट फाडून राहिली अन् तू अठी मले हळद लावून राहिली? माहं लगन कोनाले पुसून लावलं?"

मी स्थळप्रतीचे महत्त्व समजावू लागले.

"मास्तरीणबाई, तुमचा धडा ऱ्हाऊ द्या! हे लगन कायम राह्यलं तं मी खेळातून उठली. नवऱ्याच्या घरी जाऊन दवाखाना चालवू देतीन का मले?"

ती हसत नव्हती. आम्ही मात्र हसू दाबण्यासाठी उशा तोंडावर धरल्या होत्या. नियम स्पष्ट होता: लग्न जमवले तेव्हा मूळ कार्ड अकोल्यात होते, म्हणून डॉक्टरीणही तिथेच होती. मी लग्न रद्द असल्याचे जाहीर केले.

"अन् नवरदेवानं काय करावं?" खोलीसोबतीण ओरडली. "घोड्यावरून उतरावं काय?"

"उतरू नोको," बहीण म्हणाली. "नवरी बदल. ज्या बाईनं एका मानसाचे दोन केले, तिलेच उभी कर."

माझी मुख्याध्यापिका चाळीस वर्षांची, चष्मेवाली, कडक शिस्तीची. व्यापाऱ्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "मले चालते. फक्त छडी माहेरी ठेवून ये म्हना."

मग मात्र बहीण अशी हसली की तिला खाटेवर बसावे लागले. मला माझीच मंगलाष्टके म्हणवेनात. शेवटी तिनेच "शुभमंगल" उरकले आणि आपले कार्ड पोलक्यात खोचले. पेशंट वाट पाहत होते म्हणे. ती जेवायलासुद्धा थांबली नाही.