तवनाप्पांचा जादा अंक

तवनाप्पांचं फिरतं वाचनालय म्हणजे काय, तर खांद्यावरची एक खाकी पिशवी. शाहूपुरीत घरोघर मासिकं पोचवायची, आधीची परत आणायची. पण गड्याची खोड अशी, की मागितलेल्या मासिकाखाली एक न मागितलेला किडकिडीत अंक सरकवायचाच. नाव ना गाव अशा नव्या पोरांनी पदरमोड करून काढलेला. "वाचा की! फुकट देतोय, तरी तोंड वाकडं?" असं दारातच सुनावायचे. कोण नवा लिहितोय ते कोल्हापुरात आधी आपल्याला कळतं, याचा भारी तोरा होता त्यांना.

त्र्याहत्तर साली काचबिंदूनं डोळे नेले. डॉक्टरांनी हात टेकले. गल्ल्या पायांना पाठ होत्या, म्हणून पिशवी फिरत राहिली. वाचणं मात्र संपलं. नवा अंक आला की नुसता हुंगायचा! एवढा छळ वैऱ्याचाही होऊ नये. आता दुसऱ्यांच्या डोळ्यांवरच सगळी मदार होती.

एकदा बुकस्टॉलवाला जोतीराम म्हणाला, "ह्यात गडहिंग्लजकडच्या एका पोरीची पयलीच कथा हाय." तवनाप्पांनी तो अंक मुद्दाम हायस्कुलातल्या विमलाबाईंना दिला. आठवड्यानं दारात उभे.

"बाई, कशी लिवतीया पोरगी?"

"अहो, अगदी वेगळंच! चहा घ्या ना."

"आनि शेवट?"

"शेवट तर फारच छान."

तवनाप्पा खुशीत घरी आले. बाईंनी परत दिलेला अंक मांडीवर घेऊन कडेवरून बोट फिरवलं, आणि बोट अडलं. असे अंक छापखान्यातून कधीकधी पानांच्या घड्या न कापताच येत; कापल्याशिवाय आतलं वाचताच यायचं नाही. डोळे होते तेव्हा ते स्वतः सुरीनं कापून देत. या खेपेला राहिलं होतं. सगळी पानं अजून एकमेकांना जोडलेली. एकही सुटं नव्हतं.

"आयला!" एवढंच निघालं तोंडातून. मग आजवरच्या साऱ्या 'छान'चं काय? भांडायचं तरी कुणाशी? बाईंनी आंधळ्याचं मन राखलं होतं. उद्या पुन्हा त्याच दारात जायचं होतं, आणि विचारायला दुसरं दार नव्हतं.

त्यांनी बायकोकडून, रत्नाबाईंकडून सुरी मागून घेतली. चाचपत, बोट सांभाळत एकेक पान कापलं. अंक बायकोपुढं धरला.

"अवं, मला कुटं येतंय वाचाय?"

"ठावं हाय. तरी बघ की. काय दिसतंय?"

रत्नाबाईंनी अंक उजेडाकडं नेला. एक पान उलटलं, दुसरं उलटलं.

"बारीक बारीक काळं हाय," त्या म्हणाल्या. "लई हाय."