पहिल्या मानाचा कागद

वर्गात पहिली आले म्हणून मला सगळ्यांत जाड कागद मिळाला आणि मला तो नको होता. एवढंच घडलं. पण ते लिहायला बसलं की आमच्या सरांबद्दल चांगला शब्द सुचत नाही.

आमचं कला महाविद्यालय लहान होतं. मासे विकून चालणाऱ्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे सरांपुढे माझं तोंड लवकर उघडत नसे. त्या हिवाळ्यात कुणकेश्वरला आलेल्या एक जपानी चित्रकार बाई आमच्याकडे डोकावल्या आणि जाताना त्यांनी हातकागदांची एक गुंडाळी भेट दिली. देण्याआधी त्यांनी प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून दाखवला. जाड कागदावर थेंब मण्यासारखा उभा राहिला, कारण त्यावर सरस आणि तुरटीचा हात दिलेला होता, तो जलरंगासाठी. कोझो नावाचा पातळ, मऊ, लांब धाग्यांचा कागद थेंब पिऊन गेला. तिथे बाईंनी तळहात गोल गोल घासून दाखवला, म्हणजे तो लाकडी ठशासाठी. तिसरा गांपी, कांद्याच्या पापुद्र्यासारखा चकचकीत. त्यावर शाईने बारीक रेघा काढायच्या. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. सरांनीही पाहिलं असतं, पण ते नव्या डिजिटल कॅमेऱ्यासमोर बाईंच्या शेजारी उभे राहून केस सारखे करत होते.

बाई गेल्यावर सरांनी सगळ्या कागदांना सरसकट ‘राइस पेपर’ म्हणायला सुरुवात केली. त्यात तांदळाचा कण नव्हता, पण सरांना हे कोण सांगणार?

वार्षिक प्रदर्शनासाठी ते कागद वाटायचे होते. प्रदर्शन बघायला येणारे एक पाहुणे चित्रकार त्यातलं एक काम राज्याच्या प्रदर्शनाला, मुंबईला निवडणार होते. माझं काम मुंबईला गेलं तर पुढच्या वर्षासाठी घरी वाद घालावा लागणार नव्हता. नाहीतर मला बाजारात माशांच्या टोपलीमागे बसावं लागणार होतं, हे वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं. किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढणाऱ्या माणसांचा ठसा मी लाकडात कोरून ठेवला होता. जाळ्याची एकेक गाठ कोरताना बोटं सोलली होती.

सर गावच्या मानकऱ्यांपैकी. देवळात नारळ जसे मानाप्रमाणे हातात पडतात, तसे त्यांनी कागद वाटले. कोण कशात काम करतं, हे विचारलंदेखील नाही. पहिल्या नंबराला जाड, मग चकचकीत गांपी, आणि कोझो सगळ्यांत शेवटी.

“सर, मला तो पातळ चालेल,” मी कसंबसं म्हटलं.

“चालेल म्हणजे? पहिला मान आहे तुझा. मान नाकारायचा नसतो!”

“पण ठशासाठी...”

“बस खाली.”

कोझो ज्याला मिळाला तो आंबोलीकडचा, वर्गात शेवटचा आणि जलरंगात सगळ्यांत चांगला हात असलेला मुलगा. व्हरांड्यात तो कागद उजेडाकडे धरून कपाळाला हात लावून उभा होता.

“हेच्यार रंग घातलो तर सगळो पसरतलो गो. माका पंचो दिलो काय सरांनी?”

“माझो घे. तुझो माका दी.”

“तुझो मान माका? सर माका उभो चिरतले.”

“चिरू देत रे. कागद तरी वाया जावचो नाय.”

आम्ही बदलाबदली केली. चमच्याच्या पाठीने घासून मी ठसा काढला आणि कोझोने माझी प्रत्येक गाठ उचलली. त्याच्या जाड कागदावर घाटातलं धुकं उतरलं. तेही खरंच सुंदर होतं.

सरांनी बदल ओळखला, पण चित्रं कोणाची हे न बघता कागद बघून टांगली. जाड कागद भिंतीच्या मधोमध, आणि माझा ठसा मागच्या दाराजवळ, पाण्याच्या माठावर. वाऱ्याने तो सारखा फडफडत होता.

पाहुणे उशिरा आले. त्यांना जेवायला मालवणला पोचायचं होतं आणि ताज्या सुरमईची चौकशी त्यांनी चित्रांआधी केली. दालनात उभ्याउभ्याच ते म्हणाले, “मधलं पाठवून द्या.”

मी माठाजवळ होते. कुठून बळ आलं ते सांगता येत नाही.

“सर, पहिला मान माझा आहे. माझं काम हे.”

सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मान माणसाचा की कागदाचा, याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता आणि पाहुण्यांसमोर तो करायला वेळ नव्हता.

“तसं... नंबर हिचाच पहिला आहे,” ते पुटपुटले.

“मग हिचं पाठवा,” पाहुणे म्हणाले आणि गाडीकडे वळले. माठापर्यंत ते आलेच नाहीत.

आंबोलीचा मुलगा माझ्याकडे बघून हसला. “बरा केलंस गो. पण माझा चित्र तरी तेंनी बघूक व्हया होता.”

“माझाय खंय बघितल्यानी?” मी म्हटलं.

ठसा मुंबईला गेला आणि वडिलांनी पुढच्या वर्षाची फी भरली. सरांनी फलकावर माझं नाव लिहिलं, त्याखाली माध्यम म्हणून: ‘राइस पेपर’.