गटारीच्या रविवारी मिळालेलं घर

दाराला सील लावायला आले तेव्हा आत भात शिजत होता. कर्ज देणाऱ्या कंपनीचे दोघं, कोर्टाचा हुकूम घेऊन आलेला एक साहेब आणि एक पोलीस बाई. सुनेनं गॅस बंद केला आणि गरम कुकर तसाच फडक्यानं धरून बाहेर आणला.

"आजी, जिन्यात बसू नका, उठा," पोलीस बाई म्हणाली.

"का गं, जिनापण जप्त केलाय?"

साहेबानं कुलूप ओढून बघितलं, जसं काही आम्ही चोर.

आम्ही कोळी. मी आणि सून दहिसरच्या बाजारात मासळी विकतो, मुलगा रिक्षा चालवतो. हे घर घेतलं तेव्हा सरकारनं जाहिरातींनी भिंती रंगवल्या होत्या. प्रत्येकाला घर, बाईच्या नावावर घेतलं तर व्याजात सवलत. आमच्यासारख्यांकडे पगाराची चिठ्ठी कुठून येणार? म्हणून कंपन्यांना मोकळीक दिली, धंदा डोळ्यांनी बघा आणि कर्ज द्या.

कंपनीचा माणूस धंदा बघायला आला तो नेमका गटारीच्या रविवारी. दोन दिवसांवर श्रावण, गिऱ्हाईक तुटून पडलेलं. त्यानं गल्ल्यातल्या नोटा बघितल्या आणि तीच आमची रोजची कमाई धरली. बर्फातली मासळी आम्हीही विकतच आणली होती, हे त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

"दादा, श्रावणात येऊन बघा," सून म्हणाली. "आम्ही दोघी एकमेकींचं तोंड बघत बसलेल्या असतो."

"ताई, फाइल आजच पाठवायची आहे. घर पाहिजे ना?"

पाहिजे होतं. चाळीस वर्षं भाड्याच्या खोलीत काढल्यावर कोणाला नको असतं?

सवलत एकदाच आली. व्याज मात्र वाढत गेलं. पावसाळ्यात सरकारच बोटी बंद ठेवतं, तेव्हा हप्ता बंद ठेवायचं त्याला सुचत नाही. या कंपन्यांवर लक्ष ठेवायला वर मोठी माणसं नेमलेली असतात म्हणे. बाजारात तर कधी दिसली नाहीत. घर काढून घ्यायचा कायदा तेवढा चोख केलेला. खटला नको, साक्ष नको, नोटीस लावायची, कोर्टातून हुकूम काढायचा आणि कुलूप घेऊन यायचं.

आमच्या इमारतीत आणखी बरीच दारं अशीच बंद झाली. मग वरच्यांना जाग आली. आता म्हणे वर्षभराची कमाई बघूनच कर्ज द्यायचं. टीव्हीवर एक साहेब सांगत होता, लोकांनी झेपेल तेवढंच कर्ज घ्यावं. सुनेनं त्याचा आवाज बंद केला आणि नुसतं हलणारं तोंड बघत राहिली.

"आई, ह्याला गटारीला बोलवूया का?"

"नको. फुकट पापलेट मागेल."

घराचा लिलाव झाला. आम्ही माझ्या भावाच्या माळ्यावर राहतो. मी, मुलगा आणि सून. तिघंही जिवंत आहोत.