रस्त्याची उंची

सदैव वर बघत चालणारा आणि तरीही आयुष्यात दोनदाच गटारात पडलेला माणूस अख्ख्या नगरात एकच, माझे आतोबा. शाळेत चित्रकला शिकवायचे. मे महिन्याची सुट्टी लागली की लोक लग्नांना जात, हे गवंड्याचा ओळंबा घेऊन रस्त्यावरची घरं मोजायला निघत. कुणाच्याही गच्चीवर चढायचं, फुटाफुटाला गाठ मारलेली दोरी खाली सोडायची आणि उंची वहीत टिपायची. गच्च्यांवर तेव्हा कुरडया वाळत असत. बायका म्हणत, "मास्तर, आलाच हात तर कावळं बी हाकला जरा." आतोबा तासभर इमानाने कावळे हाकत.

मी पारनेरहून कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आलो, तर पहिल्याच दिवशी कागदाची लांबलचक गुंडाळी घरभर उलगडून त्यांनी मला सगळा रस्ता दाखवला. दुमजली घर, त्याला लागून पत्र्याचं, मग एकदम तिमजली. "एवढ्या घरांवर चढता, एकदा आपली कौलं चाळायला चढा की," आत्या आतून म्हणाली.

आत्याला संधिवात होता. थंडीत बोटं आखडत. दुपारी ओट्यावर तासभर ऊन घेतलं की मोकळी होत आणि तिला आपली वेणी आपण घालता येई. त्या तासावर तिचा हिवाळा निघायचा.

समोर, रस्त्याच्या दक्षिणेला, मूळच्या सोनईच्या एका भांडीवाल्याचं घर होतं. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात त्याने वर बांधायचं काढलं. भला माणूस, आधी विचारायला आला. "मास्तर, तुमी म्हनाल तेवढंच चढवतो. वैनींच्या उन्हाला धक्का लागाया नको."

आतोबांना जन्मात कुणी असा सल्ला विचारला नव्हता. आठ दिवस भर दुपारी उभं राहून त्यांनी सावल्या मोजल्या, जुन्या वह्या चाळल्या आणि सांगून टाकलं, "खुशाल तिसरा मजला घ्या. सावली गटारसुद्धा ओलांडणार नाही." खरंच ओलांडत नव्हती. इतकी वर्षं ते मोजत आले होते, पण दर वर्षी मे महिन्यातच.

मार्गशीर्षात सूर्य दक्षिणेला कलला आणि नव्या मजल्याची सावली रस्ता ओलांडून आमच्या ओट्यावर चढली, ती दुपारभर हलेना. भांडीवाला धावत आला. "मास्तर, पाडतो वरचं. न्हाईतर वैनींना आमच्या गच्चीवर आना." जिने चढणं आत्याच्याने होण्यासारखं नव्हतं. आतोबा मान खाली घालून म्हणाले, "चूक माझी आहे हो. तुम्ही कशाला पाडता?"

मग रोज दुपारी ते शेगडीवर फडकं गरम करून तिची बोटं शेकत आणि तिची वेणी घालत. चित्रकलेच्या मास्तरांना तीन पेड सारखे जमत नसत. "तुमची मुलं पास तरी कशी होतात हो?" आत्या म्हणे. ती हसे, पण आतोबांना हसू येत नसे. मला दोघांकडे बघवत नसे.

माघात साध्या तापाचं निमित्त होऊन आत्या गेली.

फाल्गुनात ओट्यावर पुन्हा ऊन आलं. मी म्हणालो, "आतोबा, चला, बाहेर बसू." ते उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले.

"तिचं ऊन आहे रे ते," म्हणाले. "मी कसा बसू?"