एंटरवरचा पेपरवेट

आमच्या जन्मनोंदणी कार्यालयात कुलूपताईंचं खरं नाव फक्त हजेरीपत्रकाला ठाऊक आहे. एकतीस वर्षं त्या नोंदी सांभाळतात. वाचायला कोणालाही देतील, नक्कल मागाल तितकी देतील. मूळ रजिस्टर मात्र त्यांच्या टेबलापलीकडे कधी गेलेलं नाही. घरी सुनेने कात्री मागितली तरी आधी कशाला हवी ते विचारतात आणि परत मिळेपर्यंत दारात उभ्या राहतात, असं ती सूनच सांगते.

अशा बाईंच्या हाती साहेबांनी एआय एजंट सोपवला. हा प्रोग्रॅम आपला आपण संगणकातल्या फायली उघडतो, चुका दुरुस्त करतो, दुबार नोंदी पुसतो. शुक्रवारपर्यंत सगळ्या नोंदी स्वच्छ व्हायच्या होत्या. न झाल्यास ताईंची बदली गोदामात. आदेश टाइप होऊन तयार होता, फक्त तारीख घालायची बाकी होती. साहेब दूरदृष्टीचे आहेत.

एजंटला मोकळीक किती द्यायची, हे ताईंनी ठरवायचं होतं. त्यांनी आपला एकतीस वर्षांचाच नियम लावला. वाचायची मुभा. दुरुस्ती करायची ती नकलेवर, मूळ फायलींना हात लावायचा नाही. आणि काहीही पुसण्याआधी विचारायचं. एजंट बिचारा गुणी. तो मिनिटामिनिटाला विचारू लागला आणि ताई प्रत्येक प्रश्न चष्मा पुसून वाचू लागल्या. बुधवारपर्यंत 'क' अक्षरसुद्धा संपलं नाही.

"अहो ताई, नुसतं हो म्हणायला तुमचं काय जातं?" साहेब म्हणाले. ताई वाचत राहिल्या.

गुरुवारी त्या डबा खायला गेल्या आणि साहेबांनी प्रशासकीय तोडगा काढला. 'हो' म्हणायला एंटरचं बटण दाबावं लागे. साहेबांनी आपला काचेचा पेपरवेट आणून त्या बटणावर ठेवला. अर्ध्या तासात काम फत्ते. याला तज्ज्ञांची समिती लागली असती, असं आम्ही सगळ्यांनी त्यांना सांगितलं. मीही सांगितलं, मला मार्चमध्ये सुखाने निवृत्त व्हायचं आहे.

ताई आल्या. पेपरवेट उचलून बाजूला ठेवला आणि पुसलेल्या नोंदींची यादी पहिल्या ओळीपासून वाचायला बसल्या. चार वाजता त्यांनी साहेबांना बोलावलं.

आई तीच, वडील तेच, पत्ता तोच, जन्मतारीख तीच, बाळाच्या नावाची जागा कोरी. फरक फक्त जन्मवेळेत, तोही पाच-सात मिनिटांचा. अशा प्रत्येक जोडीतली दुसरी नोंद एजंटने दुबार ठरवली होती, आणि पेपरवेटने होकार दिला होता.

"जुळी आहेत ही," ताई म्हणाल्या. "हो म्हणायला काय जातं, विचारत होतात ना, साहेब? बासष्ट पोरं गेली."

साहेब खुर्ची शोधू लागले.

"नकलेतनं गेली," ताई म्हणाल्या. "मूळ फायलीत आहेत सगळी. बसा, पाणी घ्या."

साहेबांनी लगेच वर अहवाल पाठवला: माझ्या मार्गदर्शनाखाली सुरक्षाव्यवस्थेची कठोर चाचणी घेण्यात आली व ती भक्कम आढळली. कामाला दोन महिने वाढवून मिळाले. बदलीच्या आदेशावर त्यांनी 'रद्द' लिहिलं आणि कागद नोंदीसाठी ताईंकडेच धाडला. तो त्यांच्या टेबलावर आहे, पेपरवेटखाली.

परवा साहेबांनी तो फाडून टाकायला मागितला. ताईंनी नक्कल दिली.