काका आणि हॉलिवूडची बाई

काकांबद्दल मी लिहावं, हा खरं तर आगाऊपणाच आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि आजवर लिहिलं ते असाइनमेंटपुरतं. चुकलं तर वाचणाऱ्यांनी माफ करावं. पण एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकतो: अख्ख्या मेलबर्नमध्ये माझ्या घरमालक काकांइतका घाबरट माणूस नव्हता, आणि गोष्ट सांगायला बसले की त्यांच्याइतका ऐटबाजही कोणी नव्हता.

काका मूळचे नागपूरचे. त्यांचे वडील तिथल्या इंग्रजी सिनेमाच्या थेटरात डोअरकीपर होते. त्यामुळे जुन्या हॉलिवूडच्या एका गाणाऱ्या नटीचे सगळे सिनेमे काकांनी लहानपणी फरशीवर बसून फुकट पाहिले. पुढे मेलबर्नच्या डँडेनॉन्ग भागातल्या कारखान्यात तीस वर्षं वेल्डिंग केलं, काकू वारल्या, मुलगी नोकरीसाठी पर्थला गेली. नटी मात्र राहिली. तिचं नाव ते घेत नसत. "आपली बाई" म्हणत, जणू ती मागच्याच गल्लीत राहते.

लॉकडाउन लागला आणि काका केळी साबणाने धुवू लागले. आलेली पत्रं चिमटे लावून अंगणातल्या दोरीवर दोन दिवस वाळत घालत. मी पॅकिंगच्या शिफ्टवरून आलो की पॅसेजच्या टोकाहून ओरडत, "तिथंच थांब! श्वास घेऊ नकोस!" मी खोलीत जाऊन दार लावलं की बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज येई. टीव्हीवर त्या दिवसाच्या रुग्णांचा आकडा ऐकून झालेला असे. मग काका दाराबाहेरूनच सुरू करत, "हं, तर आपली बाई..."

तेराव्या वर्षी रेडिओवर गाऊन तिनं घर कसं पोसलं, स्टुडिओनं तिचे दात आणि नाव दोन्ही कशी बदलली, हे ते रोज थोडं थोडं सांगत. "वजन वाढू नये म्हणून नुसत्या सूपवर ठेवलं रे तिला! मी वरणभाताशिवाय साधं वेल्डिंग केलं नाही!" दुसऱ्या नवऱ्यातच आमचा आठवडा गेला. एकदा मी म्हणालो, "काका, जरा भरभर सांगा ना. नाहीतर मीच गुगल करतो."

"खबरदार! आधी लॉकडाउन संपेल, मग बाई संपेल. उलटं झालं तर आपलं काही खरं नाही."

मी हसलो, पण गुगल केलं नाही. मलाही भीती वाटत होती.

बाईचा आवाज बसला, स्टुडिओनं तिला काढून टाकलं, आणि बऱ्याच वर्षांनी ती पुन्हा स्टेजवर उभी राहिली. गोष्ट तिथवर आली आणि काकांना खोकला आला. तो थांबेना. दोन दिवसांनी ॲम्ब्युलन्स आली. त्यातल्या माणसानं विचारलं, हे तुझे कोण? मी म्हणालो, "अंकल." दुसरं काय म्हणणार? त्यानं फॉर्मवर पुतण्या लिहून टाकलं. त्यामुळे दोन दिवस हॉस्पिटलनं मला सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी पर्थच्या मुलीनं त्यांना कळवलं, "मला चुलतभाऊच नाही." मग नर्स नम्रपणे म्हणाली, "सॉरी, आम्हाला फक्त नातेवाइकांनाच सांगता येतं."

मी एकटाच घरात आयसोलेशनमध्ये. सरकारी फॉर्मवर खोटं लिहिलं गेलं, आता व्हिसा जातो की काय, ही धास्ती होतीच. पण त्याहून मोठी भीती ही, की काका गेले तरी मला कळवायला कोणी बांधील नाही. फोन वाजला की मी झडप घालून उचले. आठवडाभर सगळे फोन आईचेच आले.

मग एका दुपारी अनोळखी नंबर. "हाय, मी पर्थहून बोलतेय. तो फेक कझिन तूच ना?"

"सॉरी ताई, मी मुद्दाम नाही..."

"नो वरीज. बाबांचा ऑक्सिजन काढला आज. उठून बसलेत."

मी पॅसेजमधल्या काकांच्या खुर्चीत जाऊन बसलो.

"पण दोन वाक्यं बोलले तरी दम लागतो. डॉक्टर म्हणतात, आता कदाचित असंच राहील. तुझ्यासाठी निरोप दिलाय, मला काही कळला नाही." ती आठवून सांगू लागली. "म्हणाले, त्याला सांग, बाईचं पुढचं आता तूच वाचून घे."